पालथा ग्लास

आमच्या घरात नाक एकच होतं, सासऱ्यांचं. बाकीच्यांना देवाने दिली होती ती नुसती श्वास घ्यायची सोय.

हे मी चेष्टेने म्हणते, पण कारखान्यात कुणी चेष्टेने म्हणत नसे. स्कॉचच्याच पद्धतीने सिंगल माल्ट व्हिस्की तयार करणारा आमचा कारखाना. कुठलं पिंप अजून गोदामात पडू द्यायचं, कुठलं बाटलीत भरायचं, कुठलं सरळ गटारात ओतायचं, हे सगळं सासऱ्यांच्या दोन नाकपुड्या ठरवायच्या. लोक त्यांना तोंडावर 'साहेब' आणि माघारी 'नाकवाले' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सर्दी होऊ नये म्हणून बारा महिने गळ्याला मफलर. घरात अत्तर नाही, वासाचा साबण नाही, कांदा चिरायचा तो मागच्या दारी जाऊन. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी मला अत्तर लावू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाखणी होती म्हणे.

मीही त्याच कारखान्यात, चाखणीच्या खोलीत काम करते. लग्नाच्या आधीपासून करते, हे मुद्दाम सांगते, म्हणजे सुनेला चिकटवलं असं कुणी म्हणायला नको. नवरा मला तिथेच भेटला. उलट म्हणायचं तर त्या खोलीनेच मला सासर चिकटवलं.

चाखणी म्हटली की लोकांच्या डोळ्यांत चमक येते. काय मजा आहे बुवा तुमची, दिवसभर प्यायचं आणि वर पगार घ्यायचा. अहो, पितंय कोण? निळ्या काचेचे ग्लास असतात आमचे, कारण रंग दिसला की डोळे नाकाला फसवतात. माल्टमध्ये तेवढंच पाणी घालायचं, तळहाताने झाकायचं, हलवायचं, हुंगायचं, जिभेवर घोळवायचं आणि थुंकायचं. आणि बोलायचं नाही. ही सगळ्यात मोठी अट. कारण एकाने 'आलुबुखार' म्हटलं की बाकीच्यांना आलुबुखारच यायला लागतो, मग ग्लासात असो वा नसो. म्हणून आमच्याकडे जुनी रीत आहे. पिंप पसंत असलं तर ग्लास समोर सरळ ठेवायचा. नापसंत असलं तर उरलेलं थुंकायच्या भांड्यात ओतून ग्लास पालथा घालायचा. एक ग्लास पालथा पडला तरी पिंप अडतं. ज्याने घातला त्याने कारण सांगायचं आणि बाकीच्यांनी ते मुकाट ऐकायचं. सासरे सगळ्यात शेवटी ग्लास ठेवायचे आणि त्यांनी ठेवल्यावर कुणी आपल्या ग्लासला हात लावायचा नाही. निकाल म्हणजे निकाल.

आता हे सगळं सांगायचं कारण म्हणजे चिरंजीव.

चिरंजीव हे माझ्या नवऱ्याचं नाव नाही. ते त्या माल्टचं नाव, सासऱ्यांनी ठेवलेलं. लेबलंही छापून आली होती, निळ्यावर सोनेरी अक्षरांत. ज्याच्या आठवणीसाठी हे नाव, तो माझा नवरा जाऊन कित्येक वर्षं झाली, आणि सासऱ्यांना त्या शब्दात काही खटकत नव्हतं. मला खटकायचं. पण घरात नाक जसं एक, तसं तोंडही एकच होतं.

वाइनची पिंपं हे माझ्या नवऱ्याचं खूळ. लाल वाइन काढून घेतलेली रिकामी पिंपं आणायची आणि त्यात माल्ट मुरवायची. जेवायच्या टेबलावर बापलेकांची त्यावरून रोज जुंपायची. सासरे म्हणायचे, "माल्टला काय द्राक्षाचं आजोळ दाखवायचंय?" तो म्हणायचा, "बाबा, तुम्ही नाकाने पुढचं बघता, पण कानाने अजून मागेच आहात." सासूबाई दोघांच्या मध्ये भांडं आपटायच्या आणि मी हसू दाबत पाणी प्यायचे. शेवटी कारखान्याच्या मालकीणबाईंनी परवानगी दिली. पहिली पिंपं आली तेव्हा हा पठ्ठ्या लग्नाला निघाल्यासारखा दाढीबिढी करून गेला.

त्याला दमा होता. लहानपणापासूनचा. खिशात फवारा असायचाच.

त्या दिवशी मी बाटल्या भरायच्या विभागात होते, म्हणून पुढचं मी पाहिलेलं नाही. पण ऐकलंय मात्र पुष्कळ वेळा, आणि तेही खुद्द सासऱ्यांच्या तोंडून. पिंपं मागच्या गोदामात उतरवली होती. बसकं छप्पर, एक दार, खिडकी नाही. याने दोन-चार बुचं काढली आणि बाहेर आला. म्हणाला, काहीतरी वास येतोय, छाती आवळतेय. सासऱ्यांना बोलावलं. ते दारात उभे राहिले, मफलर सोडला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "काही नाही. जा आत."

तो आत गेला. नाकवाल्यांनी काही नाही म्हटलं म्हणजे काही नाही, हे तो पाळण्यातच शिकला होता. वाकून एकेक बूच काढत राहिला. त्याचा फवारा बाहेर खुंटीवर कोटाच्या खिशात होता. पिंपवाल्याने, म्हणजे आमच्याकडे पिंपं तासणारा-बांधणारा जो आहे त्याने, त्याला ओढून बाहेर आणला तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. मी धावत पोहोचले तोवर बोलायचं काही उरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले दमा. लोक म्हणाले धूळ, हवा, नशीब. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासरे एकच सांगायचे: "मी स्वतः दारात उभा राहून वास घेतला होता. काही नव्हतं." हे सांगताना त्यांचा आवाज स्थिर असायचा. रडायचे ते आधी किंवा नंतर. या वाक्याला ते पाण्यात बुडणारा माणूस ओंडका धरतो तसे धरून होते, आणि तो ओंडका त्यांना खरंच तारत होता. मला त्यांचा राग यायचा. का यायचा ते तेव्हा सांगता आलं नसतं. बापाने वास घेतला, काही नव्हतं, मुलगा गेला, यात कुणाचा काय दोष? तरीही यायचा, आणि मी तो गिळायचे.

मग त्याच पिंपांत माल्ट भरली गेली, तीच ही चिरंजीव. ज्या माणसाने टेबलावर इतकी टिंगल केली होती तो आता त्या पिंपांचा पुजारी झाला. ती वेगळ्या गोदामात, किल्ली त्यांच्या कमरेला. दर वर्षी नमुना काढायचे तेच, हुंगायचे तेच, आणि घरी येऊन सांगायचे, "छान होतेय. त्याचं बरोबर होतं." दुसऱ्या कुणाला थेंब मिळाला नाही. मलाही नाही. मागचं गोदाम तेव्हापासून बंदच होतं.

या वर्षी गॅस गळला.

मी कामावरून लवकर आले होते. दार उघडलं तर नाकातोंडात तो कुजका भपकारा. स्वयंपाकघरात शेगडीची नळी निसटलेली, आणि शेजारी टेबलावर सासरे आरामात पेपर वाचत बसलेले. मी खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, त्यांना हाताला धरून अंगणात नेलं. ते म्हणाले, "अगं झालं काय?" मी म्हटलं, "बाबा, गॅस." ते माझ्याकडे बघतच राहिले.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावा म्हणून त्यात गंधकाच्या जातीचा घाण वास मुद्दाम घालतात. आंधळ्यालाही कळेल, बहिऱ्यालाही कळेल. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा कळला असता. आणि ज्यांच्या नाकावर कारखाना चालतो त्यांना कळला नव्हता.

माझ्या मनात काहीतरी हललं. मी लगेच त्याला नाव दिलं नाही. दोन-तीन दिवसांनी एक नासकं अंडं मिळवलं, वाटीत फोडलं आणि सासऱ्यांच्या कोपराशी ठेवून दिलं. मला स्वतःला ओकारी येत होती. त्यांनी पेपरातून मान वर केली, हवेत हुंगलं आणि खूश होऊन म्हणाले, "पलीकडच्या घरी कुणीतरी संत्रं सोलतंय."

सासूबाईंनी मागून येऊन ती वाटी उचलली. मला मानेनेच स्वयंपाकघरात बोलावलं, दार लावलं आणि अंडं टाकून देत म्हणाल्या, "छळतेस कशाला त्यांना? मला विचारायचंस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्न झाल्यापासून. नासलेलं अंडं कळत नाही, कुजलेला कोबी कळत नाही, गटार तुंबलं तरी कळत नाही. तेवढा एक वास देवाने त्यांना दिलाच नाही. बाकी सगळं दहा माणसांचं दिलं." त्या वाटी घासत होत्या, घासून स्वच्छ झाली तरी घासत होत्या. "आधी गंमत वाटायची. मग त्यांचं नाव झालं. मी कशाला बोलू? घरात अंडी मी फोडायचे, ते बाहेर पिंपं बघायचे. आमच्या जुन्या पिंपांत कुठे गंधक असतं?"

जुन्या पिंपांत नसतं. वाइनच्या पिंपांत असतं. रिकामं पिंप वाटेत बुरसू नये म्हणून वाइनवाले त्यात गंधकाची वात जाळतात आणि बूच ठोकतात. नीट धुतलं, वारं दिलं तर प्रश्न नसतो. नाही दिलं तर बूच काढताना तो वायू सरळ तोंडावर येतो. धडधाकट माणूस शिंकतो आणि बाजूला होतो. दमेकऱ्याची श्वासनळी मिटते.

"आई," मी म्हणाले, "त्या दिवशी..."

"हो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. हे घरी येऊन म्हणाले, मी स्वतः वास घेतला, काही नव्हतं. तेव्हाच कळलं." त्यांनी नळ बंद केला. "पोटचा गेला होता. आता यांनाही मी माझ्या तोंडाने मारू? तूच सांग."

मला त्या क्षणी त्या बाईचा गळा धरावासा वाटला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. इतकी वर्षं ही बाई त्या माणसाला वेळेवर जेवायला वाढत होती, मफलर धुऊन देत होती, आणि ते वाक्य दर पाहुण्यासमोर पुन्हा ऐकत होती.

"आता पुढच्या आठवड्यात चाखणी आहे चिरंजीवची," त्या म्हणाल्या. "त्या माल्टमध्ये असेल का गं तो वास?"

"असेल. लाकडात उतरलेलं जात नाही सहजी."

"मग तेवढं कर माझ्यासाठी. ग्लास सरळ ठेव. बाटल्या भरल्या जाऊ देत, त्याच्या नावाने चार लोक पितील, नावं ठेवतील, विसरतील. पण यांना त्या खोलीत कळायला नको."

मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही, आणि आमच्या घरात त्यालाच हो म्हणतात.

चाखणीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एकाच गाडीने निघालो. सासऱ्यांनी नवा मफलर घातला होता. वाटेत म्हणाले, "आज कुणी माझ्या तोंडाकडे बघून ग्लास ठेवायचा नाही. तूसुद्धा नाही. खरं काय ते." मी म्हटलं, "नेहमीसारखंच, बाबा." मला वाटलं, कौतुक ऐकायच्या आधीचा विनय आहे. कारखान्यात पोहोचल्यावर ते आधी मागच्या गोदामाकडे एक चक्कर मारून आले आणि मग चाखणीच्या खोलीत शिरले.

टेबलाशी आम्ही चौघं. मालकीणबाई, पिंपवाला, मी आणि सासरे. पिंपवाल्याला एरवी चाखणीत बसवत नाहीत, पण वाइनच्या पिंपांतली पहिलीच माल्ट म्हणून सासऱ्यांनी बोलावलं होतं. वर्षानुवर्षं पिंपं तासून त्याच्या छातीत भुसा बसलाय. खोकला लागला की खुर्ची हलते. माझ्या नवऱ्याचा दोस्त होता तो, मला वहिनी म्हणतो. त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. मला वाटायचं, दुःखाने.

सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने ओतली, पाणी घातलं. सगळ्यांनी ग्लास झाकले.

मालकीणबाईंनी आधी हुंगलं. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. त्यांनी पुन्हा हुंगलं, माझ्याकडे एक नजर टाकली, आणि ग्लास सरळ ठेवला. धंद्याच्या बाबतीत ही बाई कुणाच्या बापाचं ऐकत नाही. लेबलं छापून झाली होती हे खरं, पण त्या नजरेत लेबलांचा हिशेब नव्हता. कीव होती.

पिंपवाल्याने ग्लास नाकाशी नेला न नेला आणि खोकायला लागला. थांबल्यावर जिभेवर थेंब घेतला, थुंकला, ग्लास सरळ ठेवला आणि टेबलाच्या कडेवरची रेघ नखाने खरवडत बसला.

मग मी.

आधी आला तो आलुबुखार. पिकलेला, फुटायला आलेला. मग नवं चामडं, मग ओल्या लाकडाचा गोडसर वास. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तो बरोबर होता. टेबलावर भांडून भांडून जे सांगायचा ते सगळं या ग्लासात होतं, हुबेहूब. मी नकळत आणखी लांब श्वास घेतला, आणि तेव्हा मागून ती आली. विझलेली काडी. जळकं रबर. घशाला आतून चरचरणारं काहीतरी. हे त्याने वाकून, तोंड जवळ नेऊन, एकेका पिंपाशी आत घेतलं होतं. याच्यातच त्याचा शेवटचा श्वास गेला, आणि आज मी तो हुंगत होते. मला ग्लास भिंतीवर फेकावासा वाटला. सासऱ्यांना खांद्याला धरून हलवावंसं वाटलं. सासूबाईंची ती वाटी डोळ्यांसमोर आली, घासून घासून पांढरी पडलेली.

मी ग्लास सरळ ठेवला.

सासऱ्यांनी आपला ग्लास हुंगला, डोळे मिटले, किंचित हसले आणि ठेवला. सरळ. चार निळे ग्लास रांगेत उभे. निकाल लागला.

मग एक गोष्ट झाली जी त्या खोलीत कधी झाली नव्हती. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि ते रडायला लागले. मालकीणबाई उठायला लागल्या तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं.

"मला बोलू द्या," ते म्हणाले. "घरी गॅस गळला आणि मला कळला नाही. त्या दिवसापासून मी नीट झोपलेलो नाही. मनात आलं, आपल्या नाकात असं एखादं भोक असेल तर? आपल्याला कळतच नसेल तर? मग त्या दिवशी गोदामात..." त्यांनी आमच्या तिन्ही ग्लासांकडे बोट केलं. "म्हणून तुम्हाला बोलावलं. तिघांची तीन नाकं. त्या पिंपांत तेव्हा काही असतं, तर आज या ग्लासात आलं असतं. तिघांनाही आलं असतं. नाही आलं. म्हणजे तेव्हाही काही नव्हतं. मी खोटं बोललो नव्हतो त्याला."

पिंपवाल्याचं नख थांबलं होतं.

मी सुटले, असं मला वाटलं. सासूबाईही सुटल्या. आता हा माणूस सुखाने म्हातारा होईल, सुखाने मरेल, आणि आम्ही दोघी बायका उरलेलं पोटात ठेवू. जड होतं, पण पेलवण्यासारखं होतं. मी मनातल्या मनात संध्याकाळी घरी जाऊन काय सांगायचं तेही ठरवलं.

सासऱ्यांनी मफलरच्या टोकाने डोळे पुसले. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे दिसत होते. मालकीणबाईंकडे वळून म्हणाले, "तुमची ती नवी खेप काल आलीय ना? वाइनच्या पिंपांची? मीच मागचं गोदाम उघडून तिथे उतरवून घेतली. किती वर्षं बंद ठेवायचं? आज सकाळी दारात जाऊन वासही घेतला." आणि पिंपवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू बुचं काढायला घे आत्ताच. काही नाही. जा आत."

तेच वाक्य. त्याच आवाजात.

पिंपवाला उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मालकीणबाईंकडेही नाही. खोकत, छातीवर हात ठेवून दाराकडे निघाला. त्याला माहीत होतं. माझ्याइतकंच माहीत होतं. तरी निघाला होता, कारण नाकवाल्यांनी काही नाही म्हटलं होतं. मालकीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तेवढ्यात मला कळलं की माझ्या नवऱ्याला एकट्या बापाच्या नाकाने मारलं नव्हतं.

मी माझा ग्लास उचलला, भांड्यात ओतला आणि पालथा घातला.

आवाज फार मोठा नव्हता. पिंपवाला दारातच थांबला. सासरे ग्लासकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांना वाटलं असावं, चुकून लागला हात. मी हात ग्लासवरून काढला नाही.

"कारण?" ते म्हणाले. रीत ती रीत.

"गंधक," मी म्हणाले. "विझलेली काडी, बाबा. सुरुवातीला फळ आहे, मागून काडी आहे. खूप आहे. मघाशीही होती, मी खोटा ग्लास ठेवला."

मालकीणबाईंनी खिडकीवरची नजर काढली, आपला ग्लास ओतला आणि पालथा घातला. पिंपवाला परत आला आणि त्याने उभ्यानेच आपला घातला. ग्लास दोनदा टेबलावर वाजला.

सासरे त्याच्याकडे वळले. "तुला तेव्हा आला होता? त्या दिवशी?"

"आला होता, साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात." पिंपवाला पालथ्या ग्लासकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला येत नाही म्हणजे नसेल. मलाच भलतं काहीतरी येतंय."

सासरे म्हणाले, "तोही काडीच म्हणाला होता. बाबा, काडी विझवल्यासारखं येतंय, म्हणाला. मी म्हटलं, मनाचे खेळ आहेत तुझ्या." हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. इतक्या वेळा सांगितलेल्या त्या गोष्टीतून एवढंच वाक्य ते दर वेळी गाळत आले होते.

मालकीणबाई उठल्या. पिंपवाल्याला म्हणाल्या, "गोदामाचं दार सताड उघडून ठेव आणि आज कुणाला आत जाऊ देऊ नकोस." दोघंही बाहेर गेले. कॉरिडॉरमध्ये त्याचा खोकला लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

खोलीत आम्ही दोघं उरलो. सासऱ्यांचा एकट्याचा ग्लास अजून सरळ होता. मला वाटलं ते ओरडतील, नाहीतर कोसळतील. सासूबाईंना काय तोंड दाखवू, हेही मनात येऊन गेलं. सासऱ्यांनी तसलं काही केलं नाही. मफलर काढून टेबलावर ठेवला, ग्लास जवळ ओढला आणि अगदी नवशिक्यासारखं मला म्हणाले, "कसा असतो तो? सांग मला."

मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. काडी ओढून लगेच फुंकर मारली की नाकाच्या टोकाला जे टोचतं ते. सायकलची जळकी ट्यूब. कोबी फार शिजला की येतो तो. प्रत्येक गोष्टीला ते मान डोलवत होते आणि पुन्हा हुंगत होते. डोळे मिटून, उघडून, ग्लास झाकून, पाणी वाढवून. इतक्या कष्टाने कुणी हुंगताना मी पाहिलं नाही. नाकपुड्या लाल झाल्या होत्या.

"आलुबुखार आहे," ते म्हणाले. "चामडं आहे. ओलं लाकूड आहे. तो म्हणायचा तसं सगळं आहे." त्यांनी पुन्हा ग्लास नाकाला लावला. "काडी कुठेय गं यात?"

मी त्यांच्या हातातून ग्लास घ्यायला गेले, तर त्यांनी सोडला नाही.